फेरबदल केलेल्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचे मूल्यमापन

फेरबदल केलेल्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचे मूल्यमापन म्हणजे एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार यांसारख्या ब्रिटिश उत्पादकांची, मूळ स्वरूपात बदल झालेली जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी तिची ओळख, यांत्रिक स्थिती, कायदेशीर दर्जा आणि योग्य किंमत ठरविण्याची पद्धती होय. अशा मोटारींची खरेदी-विक्री आता मुख्यतः संकेतस्थळांवरील जाहिरातींतून होते. त्यामुळे मुंबई-पुण्यातील संग्राहकांच्या वर्तुळाबाहेरचा, उदाहरणार्थ अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेच्या गावातील ग्राहकही या बाजारात येऊ शकतो. मात्र मोटार प्रत्यक्ष पाहण्याआधीच त्याला पुष्कळसे निर्णय घ्यावे लागतात.

भारतात या मूल्यमापनाला एक खास पैलू आहे. जे फेरबदल मोटार चालविण्यास सोयीची करतात, त्यांपैकी काही तिला ‘व्हिंटेज’ नोंदणीस अपात्र ठरवितात व काही मुळातच बेकायदा असतात. म्हणून येथे केवळ ‘मोटार किती चांगली चालते’ एवढे पाहून भागत नाही. ‘कागदावरची मोटार आणि समोरची मोटार एकच आहे काय’ आणि ‘केलेला बदल परतविता येतो काय’ हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

संज्ञा व व्याप्ती

स्पोर्ट्स मोटार या संज्ञेने साधारणतः दोन आसनी, बुटकी, वजनाने हलकी व बहुधा उघड्या टपाची मोटार अभिप्रेत असते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साडेतीन दशकांत अशा मोटारींचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. एमजी हे नाव ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीच्या आद्याक्षरांवरून आले. तिचा कारखाना १९२९ पासून ॲबिंग्डन येथे होता. तो १९८० मध्ये बंद झाला. एमजी टीसी (१९४५–४९) या प्रकाराच्या सुमारे १०,००० मोटारी तयार झाल्या. टीडी व टीएफ हे तिचे पुढचे अवतार १९५५ पर्यंत चालले. त्यानंतर आलेल्या एमजीए (१९५५–६२) या प्रकाराने एक लाखाचा आणि एमजीबी (१९६२–८०) या प्रकाराने पाच लाखांचा टप्पा ओलांडला.

भारतात २०१९ पासून एमजी या नावाने विकल्या जाणाऱ्या मोटारींचा ॲबिंग्डनच्या मोटारींशी नावापलीकडे तांत्रिक संबंध नाही. संकेतस्थळावर केवळ ‘एमजी’ असा शोध घेतल्यास दोन्हींच्या जाहिराती एकत्र येतात. म्हणून शोध घेताना प्रकाराचे नाव व उत्पादनवर्ष द्यावे लागते.

भारतातील पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर देशी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे भारतात आढळणाऱ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचे उगम ठरावीक आहेत : निर्बंधांपूर्वी संस्थानिक, चहामळ्यांचे व्यवस्थापक, व्यापारी व लष्करी अधिकारी यांनी आणलेल्या मोटारी, परदेशातून कायमच्या परतलेल्या भारतीयांनी सामानाबरोबर आणलेल्या मोटारी, आणि परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या, पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या मोटारी. यांखेरीज काही वाहने पर्यटकांनी ‘कार्ने’ या तात्पुरत्या परवान्यावर, सीमाशुल्क न भरता आणलेली असतात. अशा वाहनाचे शुल्क पुढे भरले गेले नसेल, तर ते कितीही सुस्थितीत असले तरी त्याची मालकी वादग्रस्त राहते.

सुटे भाग मिळत नसल्यामुळे या मोटारी देशी भागांवर जगल्या. याला एक तांत्रिक कारणही होते. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडर मोटारीत दीर्घकाळ वापरले गेलेले १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’ घराण्यातील होते, आणि एमजीए व एमजीबी यांची इंजिनेही त्याच घराण्यातील आहेत. तसेच मद्रास येथे तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड ही मोटार ट्रायम्फ हेराल्डवर आधारित होती, आणि ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स मोटारीची चेसिसही हेराल्डच्याच चेसिसवरून घडविलेली आहे. या सोयरिकीमुळे देशी भाग बसविणे तुलनेने सोपे झाले. आज जाहिरातीत ‘फेरबदल’ म्हणून दिसणारे कित्येक बदल हौसेने नव्हे, तर अशा निकडीतून झालेले असतात.

फेरबदलांचे प्रकार

मूल्यमापनासाठी फेरबदलांचे तीन गट पाडणे सोयीचे ठरते.

पहिला गट परतविता येण्याजोग्या, सुरक्षितता व भरवसा वाढविणाऱ्या बदलांचा. डायनॅमोऐवजी अल्टर्नेटर, प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, रेडिएटरला विजेचा पंखा, सीटबेल्ट, रेडियल टायर, हॅलोजन दिवे हे बदल या गटात येतात. यांत मोटारीचा सांगाडा कापावा लागत नाही आणि मूळ भाग जपून ठेवले असतील तर काही तासांत ते पुन्हा बसविता येतात. यांपैकी काही सुधारणा उत्पादकानेच पुढे केल्या. उदाहरणार्थ, एमजीबीला १९६७ पासून कारखान्यातूनच अल्टर्नेटर मिळू लागला. विजेच्या जोडणीचा बदल मात्र बारकाईने पाहावा लागतो. जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नंतर ऋण टोक जोडून घेतले असल्यास संपूर्ण वायरिंगमध्ये तो बदल सुसंगतपणे झाला आहे याची खात्री करावी लागते.

दुसरा गट कार्यक्षमता वाढविणाऱ्या बदलांचा. दुहेरी एसयू कार्ब्युरेटरांच्या जागी वेबर कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर, पाच गतींचा गिअरबॉक्स, मूळ तरफेच्या शॉकअब्सॉर्बरऐवजी नळीसारखे शॉकअब्सॉर्बर हे याचे नमुने होत. यांचे मूल्य कामाच्या दर्जावर अवलंबून असते. गिअरबॉक्स बसविण्यासाठी मधला बोगदा कापला आहे काय, शॉकअब्सॉर्बरसाठी नवे कंस वेल्ड केले आहेत काय, यांवरून तो बदल पहिल्या गटाकडे झुकतो की तिसऱ्या, हे ठरते.

तिसरा गट न परतविता येणाऱ्या बदलांचा. अन्य उत्पादकाचे इंजिन बसविणे, चेसिस कापून लांब-आखूड करणे, बंद मोटारीचे टप कापून ती उघडी करणे, डावीकडचे सुकाणू उजवीकडे घेण्यासाठी पुढची भिंत कापणे हे बदल यात येतात. देशी चेसिसवर फायबरचा किंवा पत्र्याचा सांगाडा चढवून केलेल्या एमजीसदृश प्रतिकृती हा या गटाचा शेवटचा टप्पा होय. प्रतिकृती हौसेची वस्तू म्हणून चांगली असू शकते. परंतु ती एमजी नव्हे, आणि तिची किंमत एमजीच्या किमतीशी ताडून पाहता येत नाही.

काही बदल कारखान्याच्या कामासारखे भासतात. रोव्हरचे ३,५२८ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन असलेली एमजीबी कारखान्याने १९७३ ते १९७६ या काळात बनविली. तिची संख्या २,५९१ इतकीच होती आणि ती फक्त बंद टपाच्या ‘जीटी’ रूपात मिळे. त्यामुळे त्या काळातील उघड्या टपाची एमजीबी आठ सिलिंडरांची म्हणून जाहिरातीत आली, तर ते रूपांतर समजावे. तसेच १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले व मोटारीची जमिनीपासूनची उंची वाढविण्यात आली. पुढील काळातील एखाद्या मोटारीला चकचकीत क्रोम बंपर दिसल्यास तोही नंतरचा बदल होय.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम १२० नुसार डाव्या बाजूस सुकाणू असलेले वाहन, विहित प्रकारचे संकेतदर्शक साधन चालू स्थितीत असल्याखेरीज, सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. एमजीबीचा फार मोठा हिस्सा अमेरिकेस निर्यात झालेला असल्याने हे कलम येथे महत्त्वाचे ठरते.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र पद्धत घालून दिली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो. सोबत विमापत्र, आधीच नोंदणी झालेल्या वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि आयात वाहन असल्यास सीमाशुल्क विभागाचे आयातपत्र जोडावे लागते. नमुना २३-अ मधील प्रमाणपत्र ६० दिवसांत देण्याची तरतूद आहे. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणीची मुदत दहा वर्षे असते. हे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती व त्यासाठीची ये-जा एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणता येते. दैनंदिन किंवा व्यावसायिक वापरास ते नेता येत नाही.

व्हिंटेज नोंदणीस पात्र नसलेली मोटार सामान्य नोंदणीवर ठेवता येते. पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून आयात मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ४०,००० रुपये करण्यात आले व पुढे अधिक जुन्या वाहनांसाठी ते आणखी वाढविण्यात आले. म्हणजेच बदललेल्या इंजिनाचा परिणाम एकदाच होत नाही. तो दर पाच वर्षांनी खर्चाच्या रूपाने पुन्हा समोर येतो.

ओळख व कागदपत्रे

मूल्यमापनाची पहिली पायरी मोटारीची नव्हे, तर कागदांची तपासणी ही होय. विक्रेत्याकडून नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू, चेसिस क्रमांकाची पट्टी व इंजिन क्रमांकाची पट्टी यांची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. चेसिस व इंजिन क्रमांक, रंग, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार आणि इंधन हे सर्व तपशील एकमेकांशी ताडून पाहावेत.

एमजीबीच्या चेसिस क्रमांकाचा आरंभ अर्थपूर्ण असतो. ‘जीएचएन’ ही अक्षरे उघड्या टपाच्या व ‘जीएचडी’ ही अक्षरे बंद जीटी मोटारीसाठी वापरली जात. उघड्या मोटारीवर ‘जीएचडी’ आढळल्यास टप कापले आहे किंवा पट्टी दुसऱ्या मोटारीची आहे, यांपैकी एक शक्यता उरते. ब्रिटनमधील गेडन येथील संग्रहालयाकडे अनेक ब्रिटिश उत्पादकांच्या उत्पादन-नोंदी जतन केलेल्या आहेत. चेसिस क्रमांकावरून तेथून सशुल्क ‘हेरिटेज प्रमाणपत्र’ मिळते. त्यातून मोटार कधी बांधली, मूळ रंग कोणता व ती कोणत्या देशासाठी पाठविली होती हे समजते.

जुने नोंदणी क्रमांक तीन अक्षरांचे असत. असे हस्तलिखित आरसी बुक ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढविलेले नसल्यास आधी मूळ कार्यालयात ती नोंद करून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याने विक्रीपूर्वी पूर्ण करून देणे हिताचे असते. मालक मृत असल्यास वारसांची नोंद, कर्ज असल्यास बोजा उतरल्याचे पत्र आणि परराज्यातील मोटार असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते.

जाहिरात व छायाचित्रे यांचे वाचन

जाहिरातीतील शब्दांपेक्षा त्यात न सांगितलेले अधिक बोलके असते. ‘संपूर्ण नूतनीकरण केलेली’ असे म्हणताना कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे, सुट्या भागांची बिले व गॅरेजचे नाव दिलेले नसेल, तर ते केवळ रंगकाम समजून पुढे जावे. ‘सर्व कागद उपलब्ध’ या विधानाचा अर्थ ‘कागद विक्रेत्याच्या नावे आहेत’ असा होतोच असे नाही.

छायाचित्रांत दाराभोवतीच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत काय, बॉनेट व बाजूचे पत्रे एका रेषेत आहेत काय, हे पाहावे. मोटारीच्या खालच्या बाजूची, दारे उघडून उंबऱ्याची, गालिचा उचलून तळपत्र्याची आणि डिकीतील जादा चाकाच्या खड्ड्याची छायाचित्रे स्वतंत्रपणे मागावीत. इंजिन थंड असताना सुरू करण्याचे चलचित्र सलग, मध्ये न तोडता घेतलेले असावे. त्यात प्रथम बॉनेटवर हात ठेवून दाखविलेला असल्यास इंजिन आधीच तापविलेले नाही याची खात्री होते. एक्झॉस्टमधून निळा धूर येणे हे तेल जळत असल्याचे, तर गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळणे हे पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचे लक्षण असते.

प्रत्यक्ष तपासणी

एमजीबीत स्वतंत्र चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे दाराखालचे उंबरे व त्यांच्या आतील पेटीसारखे भाग हे तिचा कणा होत. तेथील गंज वरून पट्टी मारून झाकलेला असेल तर मोटार मध्यभागी वाकू शकते. जॅक लावून मोटार उचलताना दाराची फट अरुंद होणे हे याचे सुलभ निदान आहे. लोहचुंबक हलकेच फिरविल्यास जेथे तो चिकटत नाही तेथे लांबी भरलेली असते. समुद्राकाठी राहिलेल्या मोटारीत गंज आतून वाढतो, तर दख्खनच्या कोरड्या हवेतील मोटारीत तो बहुधा पाणी साचणाऱ्या जागीच आढळतो.

टीसी, टीडी व टीएफ यांची रचना वेगळी आहे. त्यांना मजबूत पोलादी चेसिस असून बॉडीचा पत्रा ॲश लाकडाच्या चौकटीवर बसविलेला असतो. येथे गंजापेक्षा लाकडाची कूज व वाळवी हा मुख्य दोष होय. उघडलेले दार हाताने वर उचलून पाहिल्यास बिजागरीचा खांब हलतो की नाही यावरून चौकटीची स्थिती कळते. ॲशऐवजी चांगल्या सागवानाची चौकट बसविली असेल, तर तो बदल मजबुतीस बाधक नाही; पण जाहिरातीत त्याचा उल्लेख हवा. ट्रायम्फच्या टीआर मालिकेतील बहुतेक मोटारींत स्वतंत्र चेसिस असते. तिच्या मागील डिफरन्शियलचे आधार व बाजूचे हात तडकलेले आहेत काय, हे पाहावे लागते. जॅग्वार ई-टाइपमध्ये पुढील नळ्यांची चौकट मधल्या सांगाड्यास बोल्टांनी जोडलेली असल्याने त्या जोडांची तपासणी अनिवार्य असते.

इंजिनाबाबत तेलाचा दाब व सिलिंडरांचा दाब ही दोन मापे निर्णायक आहेत. तापलेल्या एमजीबीत चालत्या वेळी तेलाचा दाब दर चौरस इंचास सुमारे ५० ते ८० पौंड असावा. चारही सिलिंडरांच्या दाबात साधारणतः एक-दशांशाहून अधिक तफावत नसावी. टीसी व टीडीच्या १,२५० घन सेंटिमीटर इंजिनात एक विचित्र योजना आहे : आटे मेट्रिक मापाचे, तर बोल्टांची डोकी व्हिटवर्थ पान्यांच्या मापाची. ही माहिती नसलेल्या कारागिराने चुकीचे बोल्ट बळजबरीने आवळल्यास इंजिनाचे आटे कायमचे खराब होतात.

शक्ती वाढविली असेल तर ती थांबविण्याची सोयही वाढली आहे काय, हा प्रश्न विचारावा. एमजीबीला पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात; टी-मालिकेत चारही चाकांना ड्रमच असतात. मूळच्या दुप्पट शक्तीचे इंजिन आणि मूळचेच ब्रेक ही जोडी असलेली मोटार, तिची किंमत कितीही कमी असली तरी, धोकादायक मानावी.

इंधनाचा प्रश्नही भारतात महत्त्वाचा झाला आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. त्यासाठी बांधलेल्या इंजिनांत कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-बैठका बसविल्या असल्यास तो स्वागतार्ह बदल होय. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम व कार्ब्युरेटरमधील सील खराब करते. या नळ्या बदलल्या नसतील तर आगीचा धोका संभवतो. म्हणून हे बदल ‘मूळ स्वरूप बिघडविणारे’ न मानता आवश्यक देखभालीत मोडतात.

किंमत ठरविणे

फेरबदलावर झालेला खर्च मोटारीच्या किमतीत मिळविणे ही विक्रेत्याची स्वाभाविक रीत असते. ग्राहकाचा हिशेब याच्या उलट असावा लागतो. प्रथम त्याच प्रकारच्या, त्याच स्थितीतील मूळ स्वरूपाच्या मोटारीची किंमत आधारभूत धरावी. तीतून उरलेल्या दुरुस्तीचा, नको असलेले बदल परतविण्याचा आणि कागद पूर्ण करण्याचा खर्च वजा करावा. मूळ भाग मोटारीबरोबर मिळत असतील तर त्यांचे मूल्य वेगळे धरावे. परतविता न येणारा बदल असल्यास आधारभूत किंमतच बदलते, कारण ती मोटार आता वेगळ्या वर्गातली असते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक जाहिरात घेता येईल : ‘एमजीबी, उघड्या टपाची, १९६७, ॲम्बेसेडरचे इंजिन, उत्तम चालते.’ मोटार ५० वर्षांहून जुनी आहे. इंजिन त्याच बी-सीरिज घराण्यातले असल्याने ती चालेलही. परंतु मूळ १,७९८ घन सेंटिमीटरच्या जागी १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आल्याने शक्ती घटली. इंजिन क्रमांक आरसी बुकाशी जुळत नसेल तर बदलाची नोंद झालेली नाही, आणि ती झालेली असली तरी इंजिन बदललेले असल्याने व्हिंटेज नोंदणी अडते. आता निर्णय एका गोष्टीवर ठरतो : मूळ इंजिन, भले नादुरुस्त स्थितीत, मोटारीबरोबर मिळते काय? मिळत असल्यास ते दुरुस्त करून बसविता येते व कागद आणि मोटार पुन्हा एक होतात. मिळत नसल्यास ‘उत्तम चालते’ या शब्दांना व्यवहारात फारसे मोल उरत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले जुने इंजिन हा अशा व्यवहारात अनेकदा सर्वांत मौल्यवान भाग ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव असून नगर–मनमाड महामार्गावरील राहुरी फॅक्टरी परिसर त्याला लागून आहे. जिल्ह्यात परिवहन विभागाची अहिल्यानगर (एमएच-१६) व श्रीरामपूर (एमएच-१७) अशी दोन कार्यालये आहेत. मुंबईची किंवा परराज्यातील मोटार घेणाऱ्या येथील ग्राहकास मोटार आणण्यापूर्वीच आपल्या कार्यालयात कागदांच्या प्रती दाखवून नोंदणी हस्तांतरित होईल काय हे विचारून घेता येते. टोकन रक्कम देण्याआधी करावयाचे हे सर्वांत स्वस्त काम आहे.

साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात लेथ, वेल्डिंग व पत्राकामाचे कसब सहज मिळते. जीप, ट्रॅक्टर आणि ॲम्बेसेडर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांना बी-सीरिज इंजिन अपरिचित नाही. दुहेरी कार्ब्युरेटरांचा मेळ साधणे, लाकडी चौकट किंवा आतील पेटीसारखे भाग बदलणे ही कामे मात्र अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी लागतात. उसापासून इथेनॉल तयार करणाऱ्या याच जिल्ह्यात, इथेनॉलला न टिकणाऱ्या जुन्या रबरी नळ्यांचा प्रश्न ग्राहकाच्या दारातच उभा असतो.

जुनी वाहने जवळून पाहण्यासाठी अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय उपयुक्त आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयात ब्रिटिश बनावटीची अनेक लढाऊ वाहने आणि रोल्स-रॉईसची चिलखती मोटार आहे. ही स्पोर्ट्स वाहने नव्हेत. परंतु मूळ स्वरूप जपणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ विद्यार्थ्यांना तेथे मिळतो.

व्यवहार व विमा

मोटार न पाहता पूर्ण रक्कम देऊ नये, हा या व्यवहाराचा सर्वमान्य दंडक आहे. लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करून वाहतुकीचा खर्च आगाऊ मागणे हा फसवणुकीचा परिचित प्रकार होय. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. त्याच राज्यातील व्यवहार असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत, परराज्यातील असल्यास ४५ दिवसांत आणि ग्राहकाने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. खरेदीखतात मोटारीतील ज्ञात फेरबदलांची यादी आणि सोबत दिलेल्या मूळ भागांची यादी जोडावी.

पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य विमा कंपनी व मालक यांच्या परस्पर संमतीने ठरते. त्यामुळे तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल, दुरुस्तीची बिले व छायाचित्रे यांची फाइल विम्याच्या वेळीही कामास येते. विमा कंपनीस न कळविलेला फेरबदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. मोटार पुढे विकताना हीच फाइल नव्या ग्राहकाच्या हाती जाते, आणि कोणता भाग मूळचा व कोणता नंतरचा हे त्याला नव्याने शोधावे लागत नाही.